एक्केचाळीस चेंडू

शहाण्णव सालचा मार्च होता, विश्वचषकाचे दिवस. भिवंडीत, नारपोलीच्या सलूनमध्ये मी मान मागे टाकून खुर्चीत बसलो होतो. कोपऱ्यात फळीवर टीव्ही चालू होता आणि बाहेरच्या यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या खडखडाटात ऐकू यावा म्हणून त्याचा आवाज कान फुटेल इतका चढवलेला होता. कुठल्याशा सामन्यात कुणी फलंदाज वेगवान चेंडूपुढून लेगकडे सरकला आणि त्याचा त्रिफळा उडाला. बाकावर बसलेली मंडळी हळहळली. तेव्हा शेजारच्या खुर्चीतला, गालभर साबण लावलेला माणूस आरशात बघत सहज म्हणाला, "वेगवान चेंडूला पाय काढतो. इथे ठीक आहे, परदेशात टिकणार नाही." सलूनवाला हसला. "सही बोला सेठ," म्हणाला. सगळ्यांना वाटलं तो टीव्हीतल्या फलंदाजाबद्दल बोलतो आहे. पण ते वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझं. तेरा वर्षांपूर्वी मी ते एका पोस्टकार्डावर लिहिलं होतं आणि ते कार्ड दादरला तात्यांकडे गेलं होतं. तात्या सोडून ते वाक्य जगात कुणालाही माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी मान वळवायला गेलो तर "चाचा, गर्दन सीधी रखो," म्हणून सलूनवाल्याने डोकं धरलं. मग मीही आरशातच बघितलं. साबणामागे रुंद चेहरा, कानाजवळ पांढरे केस. "ओलखला का, सर?" तो म्हणाला. "शेलारचा केसरी." मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं हे?" तो म्हणाला, "पंढरीनं. पोस्टमन. त्याच दिवशी सांगितला." एवढ्यात दोघांच्याही गळ्यावर वस्तरे आले आणि बोलणं थांबलं. त्याची दाढी आधी झाली. जाताना खांद्याला हात लावून म्हणाला, "या एकदा शेलारला. लांब न्हाय." शेलार गाव लांब नाही हे मलाही ठाऊक होतं. भिवंडीत जन्म काढला, पण शेलारला मी कधी गेलो नव्हतो.

घरी परतताना मी डोक्यात एकच गोष्ट घोळवत होतो, की पोस्टकार्ड उघडं असतं. वाचून हसू येईल, पण हे मला तोवर खरंच सुचलं नव्हतं. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. सुट्टीच्या दिवशी क्रिकेटच्या सामन्यांची धावपत्रकं लिहायची, हा माझा नाद. त्यातूनच तात्यांची ओळख झाली. तात्या एके काळचे चांगले फलंदाज, आणि निवड करणाऱ्या मंडळींत त्यांच्या शब्दाला वजन. गुडघे गेल्यावर त्यांना उन्हात मैदानं हिंडणं जमेना, तेव्हा त्यांनी मला धरलं. रणजी सामन्यांत धावा काढणारी पोरं पोत्याने मिळतात, ते म्हणायचे, मला एवढंच सांग की हा पुढच्या पायरीवर उभा राहील की कोसळेल. आणि सांगायचं ते पोस्टकार्डावर, एका ओळीत. फोनवर माणूस मोघम बोलतो, पाकिटात पाल्हाळ लावतो, कार्डावर जागा नसते म्हणून खरं लिहितो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं होतं. ते कार्ड मी पेटीतसुद्धा टाकत नसे. पंढरी पोस्टमन रोज साडेअकराला आमच्या ओटीवर पाणी प्यायला टेकायचा, त्याच्याच हातात द्यायचो. पंढरी शेलारचा. तो पाण्याचा तांब्या तोंडाला लावून दुसऱ्या हातात कार्ड उलटंसुलटं करायचा, हे मी वीस वर्षं बघत होतो. मला वाटायचं पत्ता बघतो आहे.

माझी पद्धत साधी होती आणि मला तिचा अभिमान होता. धावा मी बघत नसे. देशातल्या धावांचं कसं असतं, शाळेच्या परीक्षेतल्या मार्कांसारखं. पेपर काढणारे आपलेच, तपासणारे आपलेच. बोर्डाच्या परीक्षेला दुसरंच काही लागतं. ते काय, हे शोधायला मी साइटस्क्रीनच्या बाजूला दुर्बीण घेऊन बसायचो आणि गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटण्याआधी फलंदाजाचा मागचा पाय काय करतो एवढंच बघायचो. तो अर्धा क्षण खोटं बोलत नाही. पुढचं सगळं शिकवता येतं, पण त्या अर्ध्या क्षणात माणूस उघडा असतो. पाय लेगच्या पंचाकडे सरकला की मी माझ्या पत्रकात त्या चेंडूवर एक छोटी तिरपी रेघ मारायचो. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय. तात्या माझी थट्टा करायचे, "मास्तर, तू माणसं बघतच नाहीस, फक्त चपला बघतोस, देवळाबाहेर बसल्यासारखा." पण माझ्या ओळीवर त्यांचा भरवसा होता. आणि खरं सांगायचं तर त्या भरवशाची मला चटक लागली होती. शाळेत पंचेचाळीस पोरांपुढे पायथागोरस सांगणारा माणूस मी, पण दोन-चार शब्दांत मी कुणाला विमानात बसवू शकत होतो. हे मी बायकोलाही कधी कबूल केलं नव्हतं.

केसरीनाथला मी ओळखत होतो तो मैदानाच्याही आधीपासून. तो माझ्या वर्गात होता, आठवी ब. शेलारहून तिघेचौघे चालत यायचे, पावसाळ्यात पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. गणितात जेमतेम. त्या काळी छडी चालायची आणि मी ती चालवायचो, त्याबद्दल आता फुशारकी नाही आणि गळा काढण्यातही अर्थ नाही. छडी उगारली की केसरीनाथ हात मागे घ्यायचा. बाकीची पोरं डोळे मिटायची, तोंड वाकडं करायची, पण हात तिथेच ठेवायची. याचा हात शेवटच्या क्षणी जायचा आणि छडी हवेत वाजायची. वर्ग हसायचा. हे मला पक्कं आठवत होतं. त्यामुळे ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या मोसमात जेव्हा के. तरे हे त्याचं नाव रणजीच्या पत्रकांत ठळक दिसू लागलं, दोन शतकं झाली, वर्तमानपत्रांनी भिवंडीचा म्हणून फोटो छापला, वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी त्याचं नाव कानावर यायला लागलं, आणि तात्यांनी "बघून ये" म्हणून सांगितलं, तेव्हा दुर्बीण डोळ्याला लावण्याआधीच मी काय बघायला आलो आहे ते मला माहीत होतं. समोर एक ताडमाड गोलंदाज होता, त्या वर्षीचा सगळ्यांत वेगवान. केसरीनाथने पाच तासांत एकशे सदतीस धावा केल्या. लोक बॅट बघत होते, मी पाय बघत होतो. संध्याकाळी मी रेघा मोजल्या. दोनशे चौदा चेंडूंत एक्केचाळीस. म्हणजे दर पाचव्या चेंडूला गडी हललेला. बसमध्ये गुडघ्यावर कार्ड ठेवून मी ती ओळ लिहिली. कारण वेस्ट इंडिजला तसे वेगवान गोलंदाज एक सोडून चार होते. तात्यांचा निरोप आला, "तुझ्या ओळीने काम सोपं झालं." पुढच्या वर्षी केसरीनाथच्या धावा आटल्या, त्याच्या पुढच्या वर्षी पत्रकातून नाव गेलं. मला वाटलं, बघा, म्हटलं नव्हतं?

बायकोने, प्रमोदिनीने, ताट वाढलं तरी मी दाढी केलेल्या गालावरून हात फिरवत बसलो होतो. "कापलंय का कुठे?" तिने विचारलं. मी म्हटलं नाही. मग सलूनमधली हकीकत सांगितली. ती आमटीची वाटी हातात धरून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "अहो, कार्ड सगळेच वाचतात. मी पण वाचायचे." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही कुठे मला विचारलंत? आणि एका ओळीवर काय बोलायचं?" मग ताकाचं भांडं पुढे सरकवत तिने आठवण करून दिली, "त्या अवधूतचं कार्ड राहिलंय ना? तात्यांचा परवा फोन येऊन गेला. सोमवारी निघायलाच हवं म्हणाले." तो शुक्रवार होता.

अवधूत ठाण्याचा. तेवीस वर्षांचा, डावखुरा, त्या मोसमात चार शतकं. उन्हाळ्यात संघ इंग्लंडला जायचा होता आणि एका जागेसाठी दोन नावं होती, त्यातलं एक याचं. तात्यांना निवडीच्या बैठकीत चालणारं उत्तर हवं होतं, हो किंवा नाही. फेब्रुवारीत मी त्याला बघून आलो होतो. मागचा पाय त्याचा जागेवर होता, पण मला दुसरंच दिसलं होतं. फलंदाजीला जाण्याआधी तो तंबूच्या दाराशी बसून पॅडचे पट्टे सोडत होता आणि बांधत होता, सोडत होता आणि बांधत होता. कुणी पाण्याचा पेला दिला तर अर्धं पाणी शर्टावर सांडलं, इतका हात कापत होता. माझी ओळ तिथेच तयार झाली होती. 'गुणी आहे, पण मनाने कच्चा. इंग्लंडला नको.' फक्त कार्डावर उतरवायची बाकी होती. एरवी मी ती बसमध्येच उतरवली असती. पण बसमध्ये बसायला जागा मिळाली नाही, घरी आल्यावर पाहुणे होते, मग राहिलं ते राहिलंच. आता जेवून उठलो, कोरं कार्ड पुढे घेतलं आणि पत्ता लिहून थांबलो. डोळ्यांपुढे साबण लावलेला चेहरा येत होता आणि तो ती ओळ म्हणून दाखवत होता, काहीही राग न धरता, पाढा म्हणावा तशी.

दुपारी पडल्या पडल्या मी माझा हिशेब माझ्यापुढे मांडला. वीस वर्षांत मी अकरा जणांना 'हो' म्हटलं होतं. त्यातले सात खेळले, दोन टिकले. म्हणजे माझा 'हो' चुकत होता आणि तो चुकलेला सगळ्यांना दिसत होता, तात्याही त्यावरून चिमटे काढायचे. तीसेक जणांना 'नाही' म्हटलं होतं. त्यातला एकही चुकला नव्हता. याच आकड्यावर माझी पत होती, मास्तरचा नकार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि पलंगावर पडल्या पडल्या, बाहेरच्या लूमच्या ठेक्यात, मला जे दिसलं ते आठवीच्या पोरालाही दिसायला हवं होतं. ज्यांना मी नाही म्हटलं ते गेलेच नव्हते. न गेलेला माणूस तिथे टिकला असता की नाही हे कुणी तपासणार कसं? माझं 'नाही' चुकत नव्हतं कारण ते कधी परीक्षेलाच बसलं नव्हतं. मी स्वतः पेपर काढत होतो, स्वतः तपासत होतो आणि स्वतःला शंभरपैकी शंभर देत होतो. मी उठून बसलो.  प्रमोदिनी आतून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. उद्या शेलारला जाऊन येतो."

शेलारला रिक्षेने पंधरा मिनिटं लागली. बत्तीस वर्षं जिथून पोरं चालत माझ्या वर्गात आली ते गाव पंधरा मिनिटांवर होतं, याची रिक्षेतून उतरताना मला लाज वाटली. केसरीनाथ अंगणात खाटेवर बसला होता. आता त्याच्या शेतावर गोदाम उभं होतं आणि दोन शेड लूमला भाड्याने दिलेल्या. मला बघून तो उठला, खांद्यावरच्या टॉवेलने खुर्ची पुसली. आतून त्याची आई आली, सीताबाई, कमरेत वाकलेली, पण नजर खणखणीत. "मास्तर," ती म्हणाली, "आमचे गावान पयल्यांदाच आलाव ना?" मी हो म्हटलं. ती चहा टाकायला गेली. मी केसरीनाथला म्हटलं, तू लहानपणी खेळायचास ती जागा दाखव. त्याला मौज वाटली. गोदामाच्या मागे घेऊन गेला. तिथे अजून एक तुकडा शिल्लक होता, भात कापलेलं शेत, कोरडं, धसकटं वर आलेली. इथे विकेट, तिथून बोलर. मी गोल फिरून बघितलं. डावीकडे, फलंदाजाच्या लेगला, कुंपण घातलेला वाफा होता, त्यात वाल लावलेले. मी विचारलं, "हा तेव्हाही होता?" तो घराकडे, आईच्या दिशेने मान करून म्हणाला, "हो, आयसचा वाफा. त्यान चेंडू गेला का आउट. वर आयस चेंडू द्यायची न्हाय." माझ्या डोक्यात लख्ख दिवा लागला. खरोखर लागला, मी हसलोच. लेगला मारायचं नाही, म्हणजे सगळं ऑफला मारायचं. ऑफला मारायचं तर जागा करायला हवी. जागा करायची तर पाय लेगकडे न्यायला हवा. भीती नव्हतीच ती. तो वालाचा वाफा होता. मी दुर्बीण घेऊन मैदानं पालथी घातली आणि दोन कोसांवरच्या या वाफ्याकडे फिरकलो नाही, म्हणून मला ते कळलं नाही. मी हे सगळं त्याला भराभर समजावून सांगितलं, काठीने मातीत रेघा ओढून, फळ्यावर प्रमेय सोडवावं तसं. "माझी चूक झाली, केसरी," मी म्हटलं. "तू भीत नव्हतास. मी चुकीचं लिहिलं." आणि एवढं बोलून मला फार मोकळं वाटलं.

तो मातीतल्या रेघांकडे बघत राहिला. मग मान हलवून म्हणाला, "न्हाय, सर. तुमी बरोबर लिवला."

"म्हणजे?"

"या शेतान भ्यायचा काय होता? रबराचा चेंडू. लागला तरी हसाचो. इथं माझा पाय कदी हलला न्हाय. वाफ्यावरना उचलून मारायचो, आयसच्या शिव्या खायचो." तो कुंपणाला टेकला. "भ्यायचो तो तिकडं, मैदानान. पहिल्यापासना भ्यायचो. हेल्मेट बी दुसऱ्याचा, कपालावर उतरायचा, धड दिसायचा न्हाय. बोलर धावाला लागला का पाय आपला आपन मागं जायचा. मी त्याला सांगायचो नको जाऊस. तं तो ऐकायचा न्हाय."

मी म्हटलं, "मग एकशे सदतीस कसे केलेस?"

"तसंच. भीत भीत." त्याने माझ्याकडे नीट बघितलं. रागावलेला नव्हता, शिष्याने मास्तरांना गणितातली सुटलेली पायरी दाखवावी तसा होता. "पाय काढतो ह्या तुमी लिवला. पन काढलेला पाय परत कोन आनायचा, सर? दुसरा तं कोन येत नव्हता तिथं. मीच आनायचो. दर टायमाला. बोलरचा हात वर जायचे आत आनायचो. त्यानच तं दमायचो, धावा काढून न्हाय दमायचो." मग म्हणाला, "तो तुमच्या कार्डावर मावला न्हाय."

सीताबाईने चहा आणला. तिने बोलणं ऐकलं असावं, कारण कप देता देता म्हणाली, "पंढरीनं कागुद वाचला तवा मी ह्याला अकलोलीचे कुंडांवर नेला. तिथले कडक पान्यान बसवला सात दिवस. धडकी उतरते म्हनतान." मी विचारलं, "उतरली का?" ती म्हणाली, "काय नाय. पाय तवरे भाजले." केसरीनाथ हसला, मीही हसलो, आणि हसता हसता मला दिसलं की त्या घरात माझी ओळ मोठ्याने वाचली गेली होती, आईपुढे, सव्वीस वर्षांच्या, दोन शतकं काढलेल्या मुलापुढे. आणि त्यानंतरचा मोसम तो ती ओळ कानात घेऊन खेळला होता. त्याच्या धावा का आटल्या, याचं मी स्वतःला तेरा वर्षं जे उत्तर देत होतो ते माझ्यावरच उलटलं, त्या कदाचित माझ्या ओळीनेच आटल्या होत्या. निघताना मी विचारलं, आता कधी वाटतं का? तो म्हणाला, "टिकलो नसतो बी. कोनाला ठाव. पन एकदा बघायचा होता मना, तिकडचा चेंडू कसा येतो तो."  रिक्षेपर्यंत तो सोडायला आला.

घरी आल्यावर मी कपाटातून ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं पत्रक काढलं. माझी पत्रकं साध्या धावफलकासारखी नसत, एकेक चेंडू वेगळा मांडलेला असे. कागद पिवळा पडला होता, पण पेन्सिलीच्या तिरप्या रेघा स्वच्छ होत्या. मी त्या रेघांच्या खालच्या धावा मोजायला घेतल्या. हे काम तेव्हा दहा मिनिटांत झालं असतं.  रेघा मोजल्यावर मला हवं ते मिळालं होतं, म्हणून नाही सुचलं. एक्केचाळीस चेंडू. त्या चेंडूंवर एकदाही तो बाद झाला नव्हता. त्या चेंडूंवर त्याने अठ्ठावन्न धावा काढल्या होत्या, त्यात आठ चौकार. शेवटी तो बाद झाला तो एका साध्या फिरकी चेंडूवर, पाय जागेवर असताना. दोनदा बेरीज केली. अठ्ठावन्नच येत होते. आणि बेरीज करता करता आठवी ब समोर आली, तो रुंद चेहऱ्याचा पोरगा, माझी हवेत वाजलेली छडी, वर्गाचं हसणं. तिथेच मी ती आठवण नेहमी सोडून देत आलो होतो. पण ती तिथे संपत नव्हती. पळणाऱ्या पोराचा हात मनगटाला धरून पुढे ओढावा लागतो, तसे मी पुष्कळांचे ओढले. केसरीनाथचा कधी ओढावा लागला नाही. वर्ग हसत असतानाच तो हात पुन्हा पुढे करायचा. ओठ दाबून, डोळे उघडे ठेवून, आपला आपण. मग छडी बसायची. हे मी बघितलं होतं. हाताएवढ्या अंतरावरून, दुर्बिणीशिवाय बघितलं होतं. प्रमोदिनी दिवा लावायला आली तेव्हा मी पत्रक मांडीवर घेऊन बसलो होतो आणि डोळे भरून आले होते.  समई लावून झाल्यावर माझ्याजवळ येऊन थोडा वेळ बसली.

रविवारी सकाळी मी अवधूतचं पत्रक काढलं. कापरा हात, पॅडचे पट्टे, सगळं समासात टिपलेलं होतं. खाली चेंडूंच्या ओळी होत्या, त्या मी पहिल्यांदाच वाचत असल्यासारख्या वाचल्या. पहिल्याच षटकात कोपरावर चेंडू लागला होता. तो खाली बसला, कुणी बाहेर चल म्हणत होतं, त्याने मान हलवली होती. तेही मी लिहिलं होतं, 'थांबला' एवढंच, एका कोपऱ्यात. पुढचे सात चेंडू कोरे. मग चौकार. ब्याण्णव धावा, आणि शेवटपर्यंत प्रत्येक षटक संपलं की पॅडचे पट्टे सोडणं आणि बांधणं. म्हणजे कापरं गेलं नव्हतंच. ते शेवटपर्यंत त्याच्याबरोबर होतं आणि त्याच्याबरोबरच तो खेळत होता. हा इंग्लंडला टिकेल का? मला माहीत नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदा मला माहीत नव्हतं आणि मी ते स्वतःशी कबूल करत होतो. कदाचित पहिल्या कसोटीतच शून्यावर जाईल, तात्या म्हणतील मास्तर म्हातारा झाला, आणि यापुढे मला विचारणारही नाहीत. तसं झालं तर मला वाईट वाटणार होतं, नाही कशाला म्हणू. मी तो विचार तासभर बाजूला सारत बसलो. मग कार्ड पुढे ओढलं आणि लिहिलं. तात्यांच्या एका ओळीच्या नियमात ते कसंबसं बसलं.

सोमवारी साडेअकराला पंढरी आला. आता तोही निवृत्तीला टेकला होता, पिशवी ओटीवर ठेवताना कण्हायचा. प्रमोदिनीने पाणी दिलं. मी कार्ड त्याच्या हातात दिलं आणि या वेळी तिथून हललो नाही, समोरच बसलो. त्याने तांब्या तोंडाला लावला, कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. मग तांब्या खाली ठेवला, खिशातून चष्मा काढला आणि पुन्हा वाचलं.

"मास्तर," तो म्हणाला, "घाबरतो बी लिवलाय आनि पाठवा बी लिवलाय. काय चुकलाय काय?"

"नाही," मी म्हटलं. "तसंच जाऊ दे."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, कार्ड पिशवीत घातलं आणि सायकल काढली.